आधी गळ्यात, मग गिटारवर: रॉक गाणं कानाने उतरवून घेण्याचा क्रम

रविवारी पोहे-जलेबी आटोपली की लोकमान्य नगरातल्या आमच्या गच्चीवर दोन-तीन पोरं गिटारी घेऊन हजर होतात. प्रत्येकाच्या वहीत स्वतः उतरवलेला एखादा टॅब (कोणती तार कुठल्या पट्टीवर, म्हणजे फ्रेटवर दाबायची याचे आकडे) असतो आणि तक्रार ठरलेली असते: "काका, सूर सगळे बरोबर आहेत, पण गाण्यासारखं वाजतच नाही." वही बघितली तर सूर खरंच बरेचसे बरोबर असतात. गडबड क्रमात असते. गाणं लावलं, गिटार मांडीवर घेतली आणि पहिल्या सेकंदापासून एकेक सूर चाचपत निघाले, की चाळिसाव्या सेकंदाला माणूस थकतो. मात्रा मोजलेल्या नसतात, ट्यूनिंग तपासलेलं नसतं आणि बेस तर ऐकलेलाच नसतो. मग घर भिंतीऐवजी पडद्यांपासून बांधायला घेतल्यासारखं होतं.

इंदूरच्या या गच्चीवर दर वेळी तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून सगळं एकदा क्रमाने लिहून काढतोय. साधे कॉर्ड बदलता येतात, टॅब वाचता येतो आणि बारे कॉर्ड कसाबसा का होईना लागतो, इतपत तयारी मी गृहीत धरली आहे.

## तयारी: गाणं लावण्याआधी

इअरफोन वायरचा घ्या. जेल रोडवर मिळणारा साधा चालेल. फोनच्या स्पीकरवर हे काम करू नका. बेस गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार सुमारे ४१ हर्ट्झवर वाजते आणि फोनचा चिमुकला स्पीकर तिथवर पोहोचतच नाही. जे ऐकूच येत नाही ते उतरवणार कसं? ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो, त्यामुळे गाण्याबरोबर वाजवून बघताना आपणच ताल चुकतोय असं वाटत राहतं.

गाणं हळू करण्याचं साधन. ऑडॅसिटी हे कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि पुरेसं आहे. त्यात 'टेम्पो' बदलायचा, 'स्पीड' बदलायचा नाही. टेम्पो बदलला तर सूर जागेवर राहतात; स्पीड बदलला तर कॅसेट घसरल्यासारखे सूरही खाली येतात. युट्यूबवर वेग कमी केला तरी सूर तेच राहतात, पण तिथे दोन सेकंदांचा तुकडा पुन्हा पुन्हा फिरवणं वैताग आणतं. फक्त तुकडा फिरवायचा असेल तर कॉम्प्युटरवरच्या व्हीएलसीमध्ये सुरुवात आणि शेवट नेमण्याची सोय आहे.

चौकटीची वही, पेन्सिल, खोडरबर. गणिताची असते तीच. खजूरी बाजारातून चार-पाच एकदम आणून ठेवा. पेनाने लिहू नका. पेनाने लिहिलेली चूक खोडायला मन धजत नाही आणि ती तशीच राहून जाते.

गाण्याची निवड. इथे माझं मत जरा कडू लागेल. सगळ्यात लाडकं गाणं पहिलं घेऊ नका. दहा सेकंदांचा एक तुकडा शंभर वेळा ऐकावा लागतो, त्यात लाडकं गाणं नकोसं होतं. पहिल्यासाठी मध्यम लयीचं, चार मिनिटांच्या आतलं, एक किंवा फार तर दोन गिटारी असलेलं गाणं निवडा. सोलो लांबलचक असेल तर ते पुढच्या वर्षी.

वेळ. एका बैठकीला चाळीस मिनिटं. त्यानंतर कान थापा मारू लागतात आणि आपण त्यांच्यावर विश्वास ठेवू लागतो. मी सकाळी बसतो. अनंत चतुर्दशीला झांक्या (मिरवणुकीतले चित्ररथ) बघून आल्यावर त्याच रात्री मी एकदा बेस उतरवायला बसलो होतो. दुसऱ्या दिवशी ती दोन्ही पानं फाडून टाकली.

## टप्पा १: गाण्याचा नकाशा (गिटार पिशवीतच)

गाणं तीनदा सलग ऐका. पहिल्यांदा फक्त भाग लिहा: सुरुवातीचा रिफ (गिटारचा पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा), अंतरा, मुखडा, पुन्हा अंतरा, मधला वेगळा तुकडा, सोलो, शेवट. प्रत्येकासमोर मिनिट-सेकंद टाका.

दुसऱ्यांदा मात्रा मोजा. बहुतेक रॉक गाणी चार मात्रांच्या आवर्तनात असतात. इथे आपल्याकडच्या पोरांची एक हमखास चूक होते. आपल्याला समेवर जोर ऐकायची सवय, आणि रॉकमध्ये सगळ्यात ठळक आवाज असतो स्नेअर ड्रमचा, जो साधारणपणे दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो. कान त्या आवाजालाच सम समजतो आणि अख्खं गाणं एक मात्रा सरकून लिहिलं जातं. म्हणून 'एक' शोधताना स्नेअरकडे दुर्लक्ष करा. कॉर्ड कुठे बदलतो ते ऐका. बेस ड्रमचा जाड ठोका आणि नवा कॉर्ड जिथे एकत्र येतात, ती बहुधा सम.

तिसऱ्यांदा प्रत्येक भागात किती आवर्तनं आहेत ते मोजा आणि कोणता भाग कशाची पुनरावृत्ती आहे ते लिहा. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक आवर्तन दोन सेकंदांचं होतं, म्हणजे चार मिनिटांच्या गाण्यात १२० आवर्तनं. आकडा ऐकून धडकी भरते. नकाशा काढल्यावर मात्र त्यातली खरोखर वेगळी पंचवीस-तीसच उरतात, बाकीच्यांसमोर 'वरीलप्रमाणे'.

थांबा, तपासा: गाणं लावा आणि वहीवर बोट ठेवून आवर्तनं मोजत जा. मुखडा वहीत जिथे सुरू होतो तिथेच कानात सुरू झाला पाहिजे. एका आवर्तनाचा जरी फरक पडला तरी पुढे जाऊ नका. अधूनमधून दोन मात्रांचं एखादं तोकडं आवर्तन मुद्दाम घातलेलं असतं, बहुतेक वेळा मुखड्याच्या तोंडाशी.

## टप्पा २: ट्यूनिंग

या टप्प्यावर मी स्वतः अकरा दिवस वाया घालवले आहेत. एका गाण्यातला मोकळ्या तारांचा झंकार मला वाजवताच येईना. बोटं ताणून ताणून ई फ्लॅट, ए फ्लॅट असे कॉर्ड धरत होतो. मूळ वादकाने सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवल्या होत्या आणि तो निवांतपणे साधे ई आणि ए धरत होता.

नेहमीचं ट्यूनिंग जाड तारेकडून ई, ए, डी, जी, बी, ई. आधी तुमची गिटार ट्यूनरवर अशी लावा. मग गाण्यातल्या गिटारचा सगळ्यात खालचा सूर शोधा आणि स्वतःला हे विचारा.

तो सूर तुमच्या मोकळ्या सहाव्या तारेपेक्षा खाली आहे का? असेल तर तारा उतरवलेल्या आहेत. हेंड्रिक्सच्या बऱ्याच आणि गन्स अँड रोझेसच्या बहुतेक गाण्यांत अर्धा सूर उतरवलेला आहे. निर्वाणाचं 'कम अ‍ॅज यू आर' (१९९१) पूर्ण एका सुराने खाली आहे. काही वेळा फक्त सहावी तार ईवरून डीवर आणलेली असते. तेव्हा तीन जाड तारांवर एकच बोट आडवं ठेवून पॉवर कॉर्ड (नुसत्या सा आणि पचा) वाजतो, म्हणूनच ते इतक्या झपाट्याने बदलताना ऐकू येतात.

कॉर्ड अवघड सुरांचे, पण झंकार मोकळ्या तारांचा? मग एकतर तारा उतरवलेल्या आहेत किंवा कॅपो (एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) आहे. ईगल्सच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'ची सुरुवात बी मायनरमध्ये ऐकू येते, पण ती बारा तारांची गिटार सातव्या फ्रेटवर कॅपो लावून ई मायनरच्या आकारात वाजवली आहे. कॅपोशिवाय तेच सूर शोधले तर मिळतील, तो झंकार मिळणार नाही.

सगळेच सूर दोन फ्रेटच्या मधे पडतात का? जुन्या ध्वनिमुद्रणांत टेपचा वेग किंचित कमी-जास्त झालेला असतो आणि गाणं वीस-तीस सेंटनी वर किंवा खाली बसतं (एका फ्रेटचे शंभर सेंट). तेव्हा गिटारला हात लावू नका. ऑडॅसिटीत गाण्याचाच 'पिच' तेवढा सरकवा आणि ती फाइल वेगळ्या नावाने ठेवा.

सावध: घरातल्या पेटीशी सूर जुळवून काम सुरू करणारे आमच्यात बरेच आहेत. जुनी पेटी ४४० हर्ट्झच्या 'ए'वर असेलच असं नाही. आईची पेटी ट्यूनरसमोर धरल्यावर ती केवढी चढी आहे ते मला कळलं, आणि पेटीबद्दल तसं बोलल्यावर आईही चढली.

## टप्पा ३: सा कुठे आहे

मुखड्याच्या शेवटी गाणं थांबवा आणि जो सूर 'घरी आलो' असा वाटतो तो गुणगुणा. मग तोच सूर गिटारवर शोधा. हा तुमचा सा. गाण्याचा पहिला कॉर्ड म्हणजे सा असं धरून चालू नका. कित्येक गाणी घराबाहेरूनच सुरू होतात.

लहानपणी थोडंसं जरी गाणं शिकला असाल तर ते इथे कामी येतं. सा धरून स्वर गाऊन बघा. शुद्ध गांधार बसतो की कोमल? त्यावरून मेजर की मायनर ते ठरतं. मेजर वाटतंय पण निषाद कोमल लागतोय? मग खमाज थाटाचे सूर, रॉकमध्ये अतिशय रुळलेले. कोमल गांधार आणि कोमल निषादाबरोबर धैवत शुद्ध असेल तर काफी, कोमल असेल तर आसावरी. लीड गिटारचा मोठा हिस्सा सा, कोमल ग, म, प, कोमल नि एवढ्या पाचांवर चालतो. स्वर धानीचे, पण चाल धानीची नाही. राग शोधत बसू नका, स्वरांची यादी मिळाली की काम झालं.

जी मेजर आणि ई मायनर यांचे सूर तेच असतात. गोंधळ झाला तर पुन्हा विचारा: गाणं विसाव्याला कुठे येतं?

## टप्पा ४: बेस

कॉर्डच्या आधी बेस. पोरांना हा टप्पा कंटाळवाणा वाटतो आणि ते तो गाळतात. वहीतल्या निम्म्या चुका तिथूनच येतात.

प्रत्येक आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर बेस गिटार कोणता सूर वाजवते तेवढाच लिहा. मधल्या नक्षीकडे लक्ष नको. बेस कळत नसेल तर एक युक्ती करा: ऑडॅसिटीत गाण्याचा पिच १२ अर्धस्वरांनी, म्हणजे एक सप्तक वर चढवा. गायक उंदरासारखा चिरकेल, पण बेस गिटारच्या जाड तारांच्या पट्टीत येऊन स्वच्छ ऐकू येईल. मग सहाव्या आणि पाचव्या तारेवर तो सूर शोधा.

वाद्यं वेगवेगळी करून देणारी ॲप आता मिळतात. बेससाठी खुशाल वापरा. गिटारसाठी मात्र जपून. त्यात गिटार पुष्कळदा कीबोर्डसकट एकाच गठ्ठ्यात पडते आणि वेगळं करताना नसलेल्या सुरांची भुतंही मागे राहतात.

सावध: खोल आवाज म्हणजे बेस गिटारच, असं समजू नका. व्हाइट स्ट्राइप्सच्या 'सेव्हन नेशन आर्मी'चा (२००३) रिफ सगळे बेस म्हणून उतरवतात. ती गिटार आहे, पेडलने एक सप्तक खाली आणलेली.

## टप्पा ५: कॉर्ड

बेसचा सूर मिळाला म्हणजे कॉर्डचं अर्धं नाव मिळालं. आता तुकडा फिरवत ठेवा आणि त्या सुरावर आधी मेजर, मग मायनर असे हलक्या हाताने वाजवा. एक खुपेल, दुसरा गाण्यात विरून जाईल. दोन्ही खुपत असतील तर बेसचा सूर कॉर्डचा मूळ सूर नाही. सर्रास दिसणारं उदाहरण: बेस जी, एफ शार्प, ई असा उतरतो. मधल्या एफ शार्पवर कॉर्ड असतो डी मेजर, फक्त त्याच्या तळाशी एफ शार्प. वहीत 'एफ शार्प मायनर' लिहिलं की गाणं तिथे आंबट लागतं.

दोन्ही खुपत नसतील, तर बहुधा तो पॉवर कॉर्ड आहे, म्हणजे नुसते सा आणि प. डिस्टॉर्शनमध्ये (गिटारचा मुद्दाम फाटका, खरखरीत केलेला आवाज) दोन सुरांच्या घर्षणातून आणखी सूर तयार होतात. त्यात गांधार घातला की आवाज गढूळ होतो, म्हणून रॉकवाले तो गाळतात. हेच कारण तुमच्या कानाला आणखी एका ठिकाणी फसवतं. जाड ई तार ८२ हर्ट्झची, तिच्यावरचा पंचम सुमारे १२३ चा. दोन्ही एकत्र डिस्टॉर्शनमधून गेले की त्यांच्या फरकाचा, म्हणजे ४१ हर्ट्झचा, खालच्या सप्तकातला ई सुद्धा घुमतो. म्हणून पॉवर कॉर्ड आहे त्याहून खाली वाजल्यासारखा वाटतो. कॉर्ड खालच्या तारांवर लिहिण्याआधी एकदा वरच्या जागेवरही वाजवून बघा.

आणि सगळ्या जोड्या सा-प नसतात. डीप पर्पलच्या 'स्मोक ऑन द वॉटर'चा (१९७२) रिफ जवळजवळ प्रत्येक जण पॉवर कॉर्डने वाजवतो. मूळ वादनात पंचम खाली आणि सा वर अशा, म्हणजे चौथ्या अंतराच्या जोड्या आहेत, आणि त्यांचा गिटारवादक ब्लॅकमोर त्या पिकऐवजी बोटांनी एकदम ओढतो. म्हणून त्या इतक्या नेमक्या आणि घट्ट ऐकू येतात.

थांबा, तपासा: गाणं न लावता, नुसते कॉर्ड प्रत्येक मात्रेला एक या हिशेबाने वाजवा आणि वर मुखडा गा. गाणं ओळखू आलं पाहिजे. नाही आलं तर रिफला हात लावू नका.

## टप्पा ६: रिफ, आधी तोंडाने

आता कुठे ती गोष्ट आली जिच्यापासून सगळे सुरुवात करतात. तरीही गिटार अजून बाजूलाच असू द्या.

रिफ तोंडाने म्हणा, सुरात आणि तालात. सुर जरा डळमळीत असला तरी चालेल, पण किती सूर आहेत आणि कुठे पडतात ते गळ्यातून नेमकं निघालं पाहिजे. जे तोंडातून निघत नाही ते कानाने अजून ऐकलेलंच नाही, आणि फ्रेटबोर्डवर ते शोधणं म्हणजे अंधारात चावी शोधणं.

म्हणता आलं की चौकटीची वही उघडा. एका आवर्तनाला १६ चौकटी, म्हणजे एका मात्रेला चार. प्रत्येक चौकट पाव मात्रेची. आधी सूर लिहू नका. जिथे तार छेडली जाते त्या चौकटीत फक्त ठिपका. दाबून 'टक' असा मुका आवाज काढला असेल तिथे फुली. सूर लांबत असेल तर आडवी रेघ. पाव मात्रा पकडायला 'तिरकिट' म्हणत राहा: 'ति' मात्रेवर, 'कि' बरोबर मधे. ठिपका 'र' वर पडतो की 'कि' वर, हे लयीत म्हणताना लगेच कळतं.

'तिरकिट' कशीही बसत नसेल आणि 'तकिट' बसत असेल, तर गाणं शफलमध्ये आहे. मात्रेचे चारऐवजी तीन भाग. मग आवर्तनाला १२ चौकटी घ्या. ब्लूजच्या जवळची गाणी १६ चौकटींत कोंबण्याचा हट्ट अनेकांनी केला आहे, आमच्या गच्चीवरही. सूर सगळे बरोबर आणि चाल लंगड्या घोड्याची.

वेग किती कमी करायचा? तालासाठी ७५ टक्के पुरे. फार हळू केलं की झोल हरवतो आणि सगळं सपाट वाटतं. झपाट्याच्या सुरांसाठी ५० टक्के. त्याखाली आवाज फाटतो आणि छेडण्याचे टोकदार क्षण पुसट होतात.

ठिपके बसले की मग गिटार घ्या, आणि प्रत्येक ठिपक्याखाली स्वराचं नाव लिहा. तार आणि फ्रेटचा आकडा अजून नको.

### दोन गिटारी, एक वही

या चुकीसाठी स्वतंत्र मथळा दिलाय, कारण दर रविवारी तीच दिसते. बऱ्याच ध्वनिमुद्रणांत डावीकडे एक गिटार आणि उजवीकडे दुसरी असते, कधी तेच दोनदा वाजवून, कधी पूर्ण वेगळं. दोन्हींची बेरीज करून एकाच टॅबमध्ये लिहिली की ती सहा बोटांच्या माणसालाच वाजवता येते. एक इअरफोन काढून पूर्ण तुकडा ऐका, मग दुसरा काढून. वेगळं ऐकू आलं तर दोन पानं करा. एका बाजूचा आवाज काढून टाकण्यासाठी ऑडॅसिटीत स्टिरिओ ट्रॅक डावा-उजवा असा वेगळा करता येतो.

### मींड की पुढचा फ्रेट?

लीडमध्ये सूर चढताना ऐकला की नवशिके पुढच्या फ्रेटचा आकडा लिहितात. अर्ध्या वेगाने ऐका. तार एकदाच छेडली आणि सूर सलग चढला, तर तो बेंड, आपली मींड. तिसऱ्या तारेच्या सातव्या फ्रेटवर डी आहे, पूर्ण बेंड केला की ई. सूर पायऱ्या चढत गेल्यासारखा वाटला तर स्लाइड. मधली पायरीच नाही आणि दुसऱ्या सुराला छेडण्याचा आवाजही नाही, तर हॅमर-ऑन, आणि खाली येताना पुल-ऑफ. कोमल गांधार किंचित चढा, पण शुद्धपर्यंत न पोहोचलेला, असा रॉकमध्ये पदोपदी येतो. तो 'पाव बेंड' म्हणून लिहा. जवळच्या फ्रेटवर ढकलून मोकळे होऊ नका.

## टप्पा ७: जागा ठरवणं

गिटारवर एकच सूर अनेक ठिकाणी मिळतो. मोकळ्या पहिल्या तारेचा ई दुसऱ्या तारेच्या पाचव्या, तिसरीच्या नवव्या, चौथीच्या चौदाव्या फ्रेटवरही आहे. चारही सूर तेच, आवाज चार तऱ्हांचे. "सूर बरोबर पण गाण्यासारखं वाजत नाही" याचं मूळ बहुधा इथे असतं.

आवाज पातळ, झगझगीत असेल तर पातळ तार आणि खालचे फ्रेट. जाड, गोलसर, जरा दबलेला असेल तर जाड तारेचा वरचा फ्रेट. दोन सूर एकमेकांवर वाजत राहत असतील तर ते दोन वेगळ्या तारांवर आहेत. एकाच तारेवर दुसरा सूर आला की पहिला मरतोच. सूर थरथरत असेल तर तो मोकळ्या तारेचा असण्याची शक्यता कमी. आणि मधेच तारेवरून बोट सरकल्यासारखी 'खर्र' आली की समजा हात जागा बदलतोय, वहीत तिथे बाण काढा.

मग पूर्ण वाक्यासाठी हात कमीत कमी हलेल अशी जागा शोधा. मूळ वादकालाही दोनच हात होते. सलग चार सुरांत तुमचा हात बारा फ्रेट पळत असेल तर जागा चुकली आहे.

आता फ्रेटचे आकडे लिहा. टॅबमध्ये वरची रेघ म्हणजे पातळ तार. हे सगळ्यांना माहीत असतं आणि घाईत प्रत्येक जण एकदा तरी उलटं लिहितो.

## टप्पा ८: पडताळा

एक: गाण्याबरोबर पूर्ण वेगात वाजवा आणि फोनवर रेकॉर्ड करा. वाजवताना सगळं बरोबरच वाटतं, म्हणून ताबडतोब ऐकू नका. चहा पिऊन या.

दोन: ऑडॅसिटीत मूळ गाणं डाव्या कानाला, तुमचं रेकॉर्डिंग उजव्या कानाला लावा. फरक दडायला जागा राहत नाही. मला माझी घाई पहिल्यांदा अशीच दिसली.

तीन: वही दोन दिवस बंद ठेवा. तिसऱ्या दिवशी गाणं न ऐकता फक्त वहीवरून वाजवा. जिथे अडखळाल तिथे लिखाण अपुरं आहे, हात नाही.

चार: घरातल्या एखाद्याला न सांगता वाजवून दाखवा. "हे कोणतं?" असं विचारलं तर टप्पा एककडे परत, आणि आधी लय तपासा. सूर थोडे चुकले तरी गाणं ओळखू येतं. लय बिघडली की ओळख पुसली जाते.

कॉर्ड सांगणारी ॲप किंवा दुसऱ्याचे तयार टॅब आता उघडा, आधी नाही. दोघांत फरक दिसला तर तो तुकडा पुन्हा ऐका. छापील टॅब बरोबर असेलच असं नाही. आमच्यातल्या एका पोरीने बरोबर उतरवलेला बेस केवळ नेटवर वेगळं होतं म्हणून खोडला होता. पेन्सिलचे वळ दिसत होते, म्हणून परत लिहिता आला.

शेवटी पानाच्या माथ्यावर पाच गोष्टी टाका: ट्यूनिंग, कॅपो, लय, १६ चौकटी की १२, आणि फाइलचा पिच सरकवला असेल तर किती. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर यातलं काहीच आठवत नाही.

आणि जे ऐकूच येत नाही तिथे अंदाजाने सूर भरू नका, चौकटीत प्रश्नचिन्ह काढून पुढे जा. महिन्याभराने तोच तुकडा त्याच इअरफोनवर ऐकला की पुष्कळ प्रश्नचिन्हं आपोआप सुटतात. माझ्या एका वहीत सोलोच्या नवव्या आवर्तनात दोन चौकटींवर ते अजून आहे. मागच्या रविवारी तिथे एका पोराने बारीक अक्षरात 'जी?' लिहून ठेवलंय. उद्या ऐकून बघायचं आहे.